हरलो कशामुळे, हे कळलं पाहिजे

४ सप्टेंबर २०२५ ला 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' हा व्हिडिओ गेम आला. त्याची घोषणा झाल्यापासून सहा वर्षांहून जास्त काळ लोक त्याची चातकासारखी वाट बघत होते. कौतुकाचा पहिला भर ओसरायच्या आतच भांडण जुंपलं. तक्रार अशी की गेम गरजेपेक्षा जास्त कठीण आहे. सुरुवातीला हाताशी आयुष्याचे पाच घटक, आणि बऱ्याच शत्रूंचा एकेक फटका त्यातले दोन घेऊन जातो. बॉसपाशी, म्हणजे टप्प्यातल्या बलाढ्य मुख्य शत्रूपाशी, मेलात की मागच्या बाकापासून, म्हणजे प्रगती जपून ठेवणाऱ्या थांब्यापासून, पुन्हा तीच धावपळ. टीम चेरी या चिमुकल्या ऑस्ट्रेलियन स्टुडिओनं पहिल्याच पॅचमध्ये (गेम आल्यानंतरच्या दुरुस्तीत) सुरुवातीच्या टप्प्यातल्या दोन बॉसची धार जराशी बोथट केली. त्यावर एका गटानं सुटकेचा नि:श्वास टाकला आणि दुसऱ्यानं गेम बाटवला म्हणून गळा काढला.

हा वाद नवा नाही. प्रत्येक गाजलेल्या कठीण गेमबरोबर तो येतोच. एका बाजूचं म्हणणं, कठीण आहे म्हणूनच मजा आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, आणि ज्याला घाव नकोत त्यानं दुसरं काहीतरी खेळावं. 'गिट गुड' (आधी नीट खेळायला शिक) हा गेमरांचा लाडका शेरा याच गोटातला. दुसरी बाजू म्हणते, दिवसभर राबून रात्री तासभर खेळायला बसणाऱ्याला घाव कशाला हवेत? त्यानं करमणुकीसाठी पैसे मोजलेत, प्रायश्चित्तासाठी नव्हे.

दोन्ही बाजू मला अर्ध्या वाटेत थांबलेल्या वाटतात. कठीणपणा म्हणजे एकच काहीतरी, जास्त घातलं की जास्त आणि कमी घातलं की कमी, असं दोघीही धरून चालतात. माझं म्हणणं वेगळं आहे. नुसत्या कठीणपणानं मजा वाढत नाही. हरल्यावर आपण कशामुळे हरलो हे कळलं आणि पुढच्या खेपेला काय वेगळं करायचं ते सुचलं, की मजा वाढते. कठीण गेममध्ये माणूस जास्त वेळा हरतो, म्हणून हे घडायची संधीही तिथे जास्त वेळा येते, इतकाच काय तो संबंध. त्या संधीचं सोनं करायला गेम बनवणाऱ्याचा हात तयार असावा लागतो. तो नसेल तर कठीण गेम हा निव्वळ छळ असतो आणि त्याला शौर्याचा मुलामा देणारे चाहते तेवढे उरतात.

मुळात गेम कठीण का झाले, याचं उत्तर फारसं उदात्त नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात बहुतेक गेम आर्केडमध्ये असायचे. नाणं टाकायचं, खेळायचं, मेलं की दुसरं नाणं. एका नाण्यावर अर्धा तास ठाण मांडणारा खेळाडू मशीनच्या मालकाला परवडायचा नाही. त्यामुळे खेळाडूला काही मिनिटांत बाहेर काढणं हा धंद्याचा भाग होता. मात्र तो वैतागून निघून जाईल इतक्या लवकरही काढून चालत नसे. 'आणखी एकदाच' असं मनात येईल आणि हात खिशाकडे जाईल, नेमका तो क्षण साधण्यात त्या काळच्या डिझायनरांची सगळी हुशारी खर्ची पडली. आज आपण ज्याला खेळाची रंगत म्हणतो, तिच्यातला बराच भाग या गल्ल्याच्या हिशेबातून जन्मला आहे, हे विसरू नये.

आणि काही भाग तर निव्वळ योगायोगातून. तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये तैतो कंपनीसाठी 'स्पेस इन्व्हेडर्स' तयार केला. पडद्यावर परग्रहवासीयांच्या ५ रांगा, एका रांगेत ११ जण. त्यातल्या प्रोसेसरला हे ५५ जण हलवणं जड जायचं, म्हणून सुरुवातीला ते संथ सरकायचे. खेळाडू एकेकाला टिपत गेला की प्रोसेसरवरचा भार उतरायचा आणि उरलेले अधिकाधिक वेगानं धावू लागायचे. शेवटचा एकटा तर पिसाळल्यासारखा पळायचा. हे ठरवून केलेलं नव्हतं. निशिकादोंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी ते तसंच ठेवलं. त्या निर्णयाला मी दाद देतो. एक तर, खेळाडू जसजसा जिंकत जातो तसतसा गेम अवघड होतो, म्हणजे अवघडपणा त्याच्या यशामागून येतो. दुसरं म्हणजे, तो वाढतोय हे खेळाडूला डोळ्यांनी दिसतं. शेवटच्या शत्रूनं हरवलं तरी फसवल्यासारखं वाटत नाही. वेग वाढताना आपण पाहत होतो, आपला नेम चुकला, संपलं.

गेम घरात आले तेव्हा नाण्याचं कारण संपलं, पण कठीणपणा तसाच मुक्कामाला राहिला. आता कारण होतं जागेचं. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' ४० किलोबाइटमध्ये मावायचा. आज फोननं काढलेला एक फोटोसुद्धा त्याच्या कित्येक पट असतो. इतक्या जागेत खूप काही बसवता येत नाही, त्यामुळे जे आहे ते पुरवून पुरवून वापरायचं, आणि त्याचा सोपा मार्ग म्हणजे खेळाडूला पुन:पुन्हा मारून आरंभापाशी नेऊन सोडायचं. पुढच्याच वर्षी जपानमध्ये मारिओचा दुसरा भाग आला. त्यात विषारी मशरूम होते, उडी मधेच भरकटवणारा वारा होता. अमेरिकेतल्या निन्टेन्डोनं तो बाजारात आणायचंच टाळलं. तिथल्या खेळाडूंना त्याच नावाचा वेगळाच गेम मिळाला आणि मूळ गेम पोचायला १९९३ उजाडलं. कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये 'ग्रेडियस' घरच्या मशीनवर आणत होते. चाचणी करताना त्यांना स्वतःलाच तो झेपेना. म्हणून त्यांनी बटणांचा एक गुप्त क्रम घालून ठेवला, जो दाबला की सगळी शस्त्रं एकदम मिळावीत. पुढे तो 'कोनामी कोड' म्हणून जगभर पाठ झाला. ज्यानं कुलूप घडवलं त्यालाच मागचं दार लागावं, यावरून त्या काळच्या कठीणपणात किती विचार होता आणि किती रेटून नेणं होतं, याचा अंदाज यावा.

म्हणून 'आमच्या वेळचे गेम कठीण होते, खरी मजा तेव्हा होती' हे ऐकलं की मी सावध होतो. आपल्या आठवणीत त्या काळातले निवडक उत्तम गेम उरलेत. त्यांच्याबरोबर आलेले शेकडो गेम तितकेच कठीण आणि तितकेच टाकाऊ होते. ते कुणालाच आठवत नाहीत, त्यामुळे त्यांची साक्षही कुणी काढत नाही.

मग हरण्यात मजा असते का? असते, आणि हे माझं एकट्याचं मत नव्हे. गेमचे डॅनिश अभ्यासक येस्पर यूल यांनी २००९ मध्ये एक छोटा प्रयोग मांडला होता. एकदाही न हरता गेम संपवणाऱ्यांपेक्षा थोडंफार हरून मग संपवणाऱ्यांनी त्याच गेमला जास्त गुण दिले. गंमत अशी की हरायला आवडतं का असं विचारलं, तर कुणी सहसा हो म्हणत नाही. यूल यांनी याच विसंगतीवर बराच विचार केला आहे. एरवी आयुष्यात आपण अपयशाला टाळतो, आणि गेम मात्र असे शोधतो जिथे अपयश हमखास मिळेल. तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी तर १९७८ मध्येच खेळाची व्याख्या जवळपास अशी केली होती, की अनावश्यक अडथळे आपणहून पत्करून ते ओलांडायचा प्रयत्न करणं म्हणजे खेळणं. अडथळा काढून टाकला तर खेळच उरत नाही.

इथवर कठीणपणाच्या बाजूचे लोक माना डोलावतील. पण या विवेचनातून अडथळा असावा एवढंच सिद्ध होतं. तो जितका मोठा तितकं चांगलं, हे त्यातून निघत नाही. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांचा 'फ्लो'चा सिद्धांतही या वादात नेहमी पुढे केला जातो. आव्हान आणि कौशल्य यांचा तोल साधला की माणूस तल्लीन होतो, आव्हान कमी पडलं तर कंटाळतो, जास्त झालं तर धास्तावतो. खरं आहे, पण ही झाली प्रमाणाची गोष्ट. दोन गेममध्ये मी सारख्याच वेळा हरतो, आणि एक मला पहाटेपर्यंत उठू देत नाही तर दुसरा कंट्रोलर फेकावासा वाटायला लावतो, असं का, हे तोलाच्या भाषेत सांगता येत नाही. ते सांगायला हरण्याचा पोत बघावा लागतो.

'सेकिरो' घ्या. फ्रॉमसॉफ्टवेअरचा २०१९ मधला गेम, हिदेताका मियाझाकी त्याचे दिग्दर्शक. कठीण गेमांच्या यादीत बरेच लोक याला पहिलं पान देतील. यात समोरच्याच्या तलवारीचा वार नेमक्या क्षणी आपल्या तलवारीवर झेलायचा असतो. क्षण साधला तर एक खणखणीत आवाज येतो आणि मोठी ठिणगी उडते. जरा चुकला तर आवाज वेगळा, बोथट. कान तयार झाला की पडद्यावरच्या पट्टीकडे न बघताही आपण बरोबर चाललोय का ते कळतं. ज्या वाराला तलवार लावून भागत नाही, त्याच्या आधी लाल अक्षर चमकतं. मग वार खालून येतोय की भोसकायला येतोय हे ओळखून उडी मारायची किंवा त्याच्या शस्त्रावरच पाय द्यायचा. एवढं सगळं गेम उघडपणे सांगतो. आणि तरी गेनिचिरो अशिना या बॉससमोर पहिल्यांदा उभं राहिलं की खेळाडू पार भुईसपाट होतो.

पण त्या भुईसपाट होण्यात माहिती असते. लाल अक्षर दिसलं, मी घाबरून मागे पळालो, तिथे पुढे जायला हवं होतं. पुढच्या खेपेला पुढे जातो, तो एक वार सुटतो, त्यानंतरच्या वाराला मरतो. दर मरणाबरोबर लढत थोडी जास्त समजते. इथे ताकदीचे आकडे वाढवून जिंकण्याची पळवाटही फारशी नाही, त्यामुळे शिकणं भाग पडतं. शेवटी तो पडतो तेव्हा हायसं वाटण्यापेक्षा काही वेगळंच वाटतं: मघाशी ज्या लढतीत वीजच दिसत होती त्या लढतीत आता ताल ऐकू येतो. माझ्या मते गेम या माध्यमाला जे सुख देता येतं आणि दुसऱ्या कुठल्या माध्यमाला सहसा देता येत नाही, ते हेच.

आता याच्या शेजारी कितीतरी मोठ्या, महागड्या गेमांचा 'हार्ड मोड' ठेवा. मोड बदलला की काय बदलतं? शत्रूचं आयुष्य दुप्पट, त्याचा फटका दुप्पट. शत्रू आधी जसा वागायचा तसाच वागतो, मला नवं काही समजून घ्यायचं नसतं, त्याच चार गोळ्यांऐवजी आठ झाडायच्या असतात. याला कठीण का म्हणायचं हा प्रश्नच आहे. हे लांबवणं झालं. 'सिव्हिलायझेशन'सारख्या डावपेचांच्या गेममध्ये वरच्या पातळीवर कॉम्प्युटर जास्त हुशारीनं खेळतो असं नव्या खेळाडूला वाटतं. प्रत्यक्षात त्याला मुख्यतः उत्पादनात आणि बाकीच्या हिशेबात वरकड सवलती मिळालेल्या असतात. समोर बुद्धिमान शत्रू बसवणं महाकठीण, म्हणून त्याला पैसे चारून बसवतात. ज्याला हे ठाऊक होतं त्याला हरल्यावर पहिला संशय स्वतःच्या डावपेचांवर येत नाही.

याच्या उलट उदाहरणं आहेत आणि ती जुनीच आहेत. १९९७ चा 'गोल्डनआय', १९९८ चा 'थीफ'. दोन्हींत वरची पातळी निवडली की कामगिरीच बदलते. 'गोल्डनआय'मध्ये त्याच मोहिमेत जास्त उद्दिष्टं पार पाडावी लागतात, म्हणजे त्याच जागेचे न पाहिलेले कोपरे धुंडाळावे लागतात. 'थीफ'मध्ये तर अट पडते की कुणाचाही जीव घ्यायचा नाही. चोर आहेस, खुनी नाहीस. एका अटीसरशी तो गेम जास्त कठीणही होतो आणि जास्त 'थीफ'ही होतो. पंचवीसहून अधिक वर्षं झाली, आणि आजही बहुतेक मोठे स्टुडिओ आयुष्याच्या आकड्याला दोननं गुणतात आणि घरी जातात. याचा मला खरोखर राग येतो.

अन्याय झाला असं वाटणं आणि खरोखर अन्याय होणं यांतही अंतर आहे, हेही सांगायला हवं. 'सिव्हिलायझेशन'चे जनक सिड मायर यांनी २०१० मध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितलेला अनुभव मजेशीर आहे. लढाईत तीनास एक अशी आपली बाजू वरचढ असेल तर चारांतून एकदा हरणं हे गणितच आहे. पण चाचणीला आलेले खेळाडू तीनास एक असताना हरले की गेम लबाड आहे म्हणत. हेच खेळाडू एकास तीन असताना जिंकले तर मात्र कुणाची तक्रार नसे. शेवटी हिशेबच खेळाडूंच्या भावनेला धरून थोडा वाकवावा लागला. तेव्हा खेळाडूच्या तक्रारीला ब्रह्मवाक्य मानावं असं मी म्हणत नाही. आपण हरतो तेव्हा फार प्रामाणिक नसतो. पण म्हणूनच हरण्याचं कारण इतकं स्वच्छ दाखवायला हवं की खोटं बोलायला जागा उरू नये. नाहीतर ती उत्तरपत्रिकेवर नुसते गुण टाकून परत देण्यासारखी गोष्ट होते. कुठे चुकलं त्याची लाल खूणच नाही, मग पुन्हा अभ्यास कशाचा करायचा?

हरण्याची किंमत हाही एक स्वतंत्र विषय आहे, आणि कठीणपणाच्या चर्चेत तो नेहमी दुसऱ्या कशात तरी मिसळला जातो. 'सेलेस्ट' हा २०१८ चा गेम बघा. उड्या मारत डोंगर चढायचा, बस. एकदा संपवायला शेकड्यांनी मरणं नेहमीचं, हजारांत गेलं तरी कुणाला नवल वाटत नाही. पण मेलात की डोळ्याची पापणी लवते न लवते तोच त्याच पडद्याच्या सुरुवातीला पुन्हा उभे. शिक्षा जवळपास शून्य. त्यामुळे चुका करायची भीती जाते, आणि भीती गेली की माणूस धाडसानं शिकतो. शिवाय हा गेम गुपचूप खेळाडूच्या बाजूनं असतो. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही क्षणाच्या काही अंशापर्यंत उडीचं बटण दाबलेलं तो मान्य करतो. छताच्या कोपऱ्याला डोकं किंचित घासलं तर हळूच बाजूला सरकवून उडी पुरी करू देतो. अतिशय कठीण म्हणून नावाजलेला हा गेम जागोजागी दयाळू आहे. त्याला ज्या एका गोष्टीत तुमची परीक्षा घ्यायची आहे तेवढी सोडून बाकी सगळीकडे तो हात सैल सोडतो. चांगल्या कठीण गेमची मला हीच खूण वाटते.

'सिल्कसाँग'वरच्या टीकेतला निम्मा भाग याच जागी येतो. बॉस कठीण असण्याला हरकत घेणारे मला त्या मानानं थोडे दिसले. त्याच्यापर्यंत पुन्हा पुन्हा धावत जाण्याला वैतागलेले पुष्कळ. त्या धावण्यात पहिल्या दोन-तीन खेपांनंतर शिकण्यासारखं काही नसतं. समर्थक म्हणतात की त्यानं ताण वाढतो, मरणाला वजन येतं. ताण वाढतो हे कबूल. पण भयपटात ताण हवा म्हणून प्रेक्षकाला दर प्रसंगानंतर थिएटरबाहेर रांगेत उभं करत नाहीत.

आता मूळ भांडणाकडे. कठीण गेममध्ये 'इझी मोड' असावा की नसावा?

नसावा म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा 'सेकिरो'च्याच कंपनीच्या 'डार्क सोल्स' आणि 'एल्डन रिंग'च्या चाहत्यांकडून येतो, आणि त्याची थट्टा करून चालणार नाही. ते म्हणतात, इथे सगळ्यांसमोर तेच संकट आहे. जमिनीवर कुणा अनोळखी खेळाडूनं लिहून ठेवलेला संदेश, कुणी कुठे कसं मेलं ते दाखवणारा रक्ताचा डाग, मदतीला बोलावलेला परका सोबती, या सगळ्याला अर्थ आहे कारण सगळे एकाच वाटेवरून चाललेत. मेनूमध्ये सोपं करायचं बटण असेल तर दहाव्यांदा मेल्यावर हात तिकडे जाणार, आणि अकराव्या खेपेला जे गवसणार होतं ते कधीच गवसणार नाही. पर्याय असणं हे निरुपद्रवी नसतं, तो नुसता असल्यानंही अनुभव बदलतो.

शेवटचं वाक्य मला पटतं. पहिलं नाही. सगळ्यांसमोर तेच संकट असतं, हा भास आहे. आकडे सारखे असतात. विशीतल्या खेळाडूचे हात आणि साठीतल्याचे हात सारखे नसतात. एका हातानं खेळणारा, रंग नीट न ओळखू शकणारा, ऐकू न येणारा, यांच्यासाठी तोच बॉस वेगळा असतो. सगळं धडधाकट असलेल्यांतही, याच कंपनीचे पाच गेम आधी संपवून आलेला माणूस आणि पहिल्यांदा कंट्रोलर हाती धरणारा यांना एकच गेम मिळतो असं म्हणणं धाडसाचं आहे. जुना खेळाडू जेव्हा अभिमानानं सांगतो की मी कुठलीही सवलत घेतली नाही, तेव्हा त्याच्या गाठीची हजार तासांची सवलत तो हिशेबात धरत नाही. आकडे सगळ्यांना सारखे ठेवले की कठीणपणा सगळ्यांना सारखा मिळतो, हे गणितच चुकीचं आहे.

खुद्द 'एल्डन रिंग'नं या वादावर एक शहाणं उत्तर दिलं होतं. २०२२ मध्ये तो आला आणि वर्षभरात त्याच्या दोन कोटींहून जास्त प्रती गेल्या. त्यात मेनूमध्ये सोपा मोड नाही. पण सुरुवातीलाच घोड्यावर बसलेला सोनेरी योद्धा वाटेत गाठतो, तो झेपत नसेल तर त्याला वळसा घालून खुशाल पुढे जाता येतं. जग मोठं आहे, दुसरीकडे फिरा, बळ वाढवा, मदतीला आत्मे बोलवा, महिन्याभरानं परत येऊन हिशेब चुकता करा. गेमच्या पोटातच सोप्या वाटा आहेत आणि त्या घेणाऱ्याला कुणी हिणवत नाही. (चाहत्यांतले काही हिणवतात, पण त्यांचा इलाज कुठल्याच पॅचमध्ये नाही.) तरीही ज्याची बोटं पुरेशी वेगानं चालत नाहीत त्याला या वाटांनी ठरावीक हद्दीपर्यंतच नेता येतं.

तिथून पुढे 'सेलेस्ट'चा 'असिस्ट मोड' लागतो. गेमचा वेग कमी करा, दम कधी संपणार नाही असं ठरवा, हवं तर मरणच बंद करा. कशाला किती हात लावायचा ते खेळाडूनं ठरवायचं. 'हेडीज'मध्ये 'गॉड मोड' चालू केला तर सुरुवातीला २० टक्के संरक्षण मिळतं आणि प्रत्येक मरणानंतर ते २ टक्क्यांनी वाढतं, ८० टक्क्यांपर्यंत. मला ही कल्पना फार आवडते, कारण त्यात हरण्याला आणखी एक अर्थ मिळतो. लढत शिकायला खेळाडू मोकळा असतोच, आणि शिकायला वेळ लागला तर गेम एकेक पाऊल त्याच्याकडे सरकतो. कथा पुढे जात राहते. २०२० च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये अशा साठहून अधिक सोयी होत्या. त्यामुळे तो गेम कुणाला पुळचट वाटल्याचं मी ऐकलेलं नाही.

सवलत कशी देतात यालाही महत्त्व आहे. १९९२ च्या 'वुल्फेन्स्टाइन'मध्ये सर्वांत सोपी पातळी निवडली की नायकाच्या डोक्यावर बाळाचं टोपडं आणि तोंडात चोखणी दिसायची. तेव्हा तो विनोद होता, एकदा हसून सोडून द्यावा असा. २०१७ च्या 'कपहेड'मध्ये बॉसना 'सिंपल'वर हरवता येतं, पण मग शेवटच्या लढतीपर्यंत जाऊ देत नाहीत. म्हणजे दार उघडायचं, आत घ्यायचं, आणि जेवायच्या वेळी सांगायचं की तुमचं पान मांडलेलं नाही. त्यापेक्षा दार न उघडणं जास्त सरळ.

दुसरीकडे, खेळाडूला न सांगता मदत करणारे गेमही आहेत. 'रेसिडेंट इव्हिल ४'मध्ये तुम्ही सारखे मरू लागलात की गेम मागच्या मागे सौम्य होतो. कळत नाही तोवर हे छान चालतं. पण जिंकलो ते आपण की गेमनं जिंकू दिलं, हा संशय एकदा शिरला की मागच्या सगळ्या विजयांची चव जाते. मदत उघड असावी, मागितल्यावर मिळालेली असावी. तिचं कारण दिसलं पाहिजे, जसं पराभवाचं दिसलं पाहिजे.

प्रत्येक गेम प्रत्येकाला संपवता आलाच पाहिजे, इतक्या टोकाला मात्र मी जाणार नाही. २०१७ चा 'गेटिंग ओव्हर इट' घ्या. कढईत बसलेला एक उघडा माणूस हातोड्यानं स्वतःला ढकलत डोंगर चढतो, आणि एक चूक झाली तर तासाभराची चढाई धुळीला मिळून पायथ्याशी येऊन पडतो. त्यात चेकपॉइंट, म्हणजे पडल्यावर जिथून पुन्हा सुरू करता येईल असा मधला थांबा, घातला तर गेम सोपा होणार नाही, तो गेमच उरणार नाही, कारण घसरून पडणं हाच त्याचा विषय आहे. असा गेम करायचा हक्क बेनेट फॉडींना आहे आणि तो न खेळायचा हक्क मला. पण असे गेम थोडे असतात. कठीणपणा हाच आमचा आशय आहे असं सांगणाऱ्या प्रत्येक स्टुडिओनं आरशासमोर उभं राहून तपासावं, की खरंच आशय आहे की इतकी वर्षं असंच करत आलोत. आणि ज्या गेममध्ये हरणंच नाही, त्यांनाही या चर्चेत जागा द्यायला हवी. 'जर्नी'मध्ये मरता येत नाही. वाळवंटातून चालत, तरंगत, भेटलेल्या अनोळखी सोबत्याच्या साथीनं शिखराकडे जायचं. ज्यांना तो भावला त्यांना त्यात कठीणपणा कमी पडला असं कधी वाटलं नाही.

'सोपं करायचं बटण असलं की हात तिकडे जाणारच' ही भीती मी खरी मानली, पण तिचं दुसरं टोकही बघू. कठीण हवं असलेल्या खेळाडूला ते स्वतःचं स्वतः तयार करता येतं, आणि तो ते करतोच. 'पोकेमॉन'चे गेम सोपे पडतात म्हणून खेळाडूंनीच 'नझलॉक' नावाचे नियम काढले: एका भागात भेटलेला पहिलाच पोकेमॉन पकडायचा, आणि लढाईत जो पडला तो गेला असं समजून कायमचा सोडून द्यायचा. गेममध्ये याची सक्ती करणारी एकही ओळ नाही, तरी हजारो लोक ते काटेकोरपणे पाळतात आणि एखादा जुना पोकेमॉन गमावला तर खरोखर हळहळतात. 'डार्क सोल्स' एकदाही पातळी न वाढवता संपवणारे आहेत, एकही फटका न खाता संपवणारे आहेत, नाचायच्या पॅडवर पाय आपटून संपवणारेही आहेत. यातलं काही करायला त्यांना डिझायनरची परवानगी लागली नाही. मोहाला बळी न पडण्याइतकी शिस्त त्यांच्याकडे भरपूर आहे. उलट ज्याचा अंगठा वेळेवर हलत नाही, त्याला स्वतःपुरता बॉसचा वेग कमी करून घेता येत नाही. त्यासाठी आधी स्टुडिओत कुणीतरी बसून ती सोय लिहावी लागते.

म्हणून सोय करायची की नाही यावर मतदान घ्यायचं झालं, तर एका बाजूच्या मताला मी थोडं कमी वजन देईन. ज्यांचं काम सोयीशिवाय अडत नाही, त्यांनी ती इतरांना नाकारावी, यामागे खेळातल्या मजेची काळजी कितपत आणि आपल्या पदकाची किती, हे मला अजून कुणी नीट पटवून दिलेलं नाही.